मेल पोचला का हो, मॅडम?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळते. मेलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक डोमेनला 'पोस्टमास्टर' नावाचा एक पत्ता असावाच लागतो, आणि त्या पत्त्यावर येणारं रडगाणं ऐकायला कोणीतरी जिवंत माणूस. आमच्याकडे तो माणूस म्हणजे मी. इंटरकॉम वाजला की पलीकडून काय येणार हे मला ठाऊक असतं. "मॅडम, त्या पुण्याच्या पार्टीला आपला मेल पोचला का, जरा बघा ना."

'पोचला का' म्हणजे नेमकं काय? आपल्या सर्व्हरवरून निघाला का? समोरच्याच्या सर्व्हरने घेतला का? की समोरच्या माणसाने उघडून वाचला का? विचारणाऱ्याला तिन्ही एका दमात हवं असतं. मेलच्या यंत्रणेत मात्र याची तीन वेगळी खाती आहेत. ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी उघडली, आणि एका खात्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. खरेदी विभाग आणि विक्रेते यांच्यातली निम्मी भांडणं मी याच एका घोटाळ्यापायी झालेली पाहिली आहेत.

ती समजायची तर आधी मेलचं पोट उघडावं लागतं. जीमेलमध्ये कोणताही मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' म्हणा. थंडरबर्डमध्ये कंट्रोल दाबून यू. समोर जो मजकुराचा ढीग येतो त्याने घाबरायचं कारण नाही. मजकुराच्या वर ज्या ओळी दिसतात त्या हेडर. प्रत्येकाची रचना तीच: एक नाव, मग अपूर्णविराम, मग माहिती. कोणाकडून, कोणाला, विषय, तारीख या चार आपल्या रोजच्या ओळखीच्या. बाकीच्या पंचवीस-तीस ओळी मेलचं सॉफ्टवेअर आपल्यापासून झाकून ठेवतं.

त्यातल्या 'रिसीव्हड' नावाच्या ओळी मला सगळ्यात प्रिय. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो तो सर्व्हर आपली एक ओळ वरच्या बाजूला चिकटवतो: अमुक यंत्राकडून, अमुक यंत्राने, इतक्या वाजता घेतला. म्हणून या ओळी खालून वर वाचायच्या. सर्वात खालची पहिल्या टप्प्याची, सर्वात वरची आपल्या स्वतःच्या सर्व्हरची.

एकदा दरपत्रकांची मुदत संध्याकाळी पाचची होती. एका विक्रेत्याचं दरपत्रक साडेपाचच्या सुमारास आलं. ते म्हणाले, आम्ही पाचच्या आत पाठवलंय, तुमचाच सर्व्हर झोपला होता. खरेदीतले साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे. मी मेलचं पोट उघडलं. खालच्या ओळीत वेळ होती १६:५१:०७, पुढे अधिक ०५३०, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. ही विक्रेत्याच्या ऑफिसातल्या संगणकाने त्यांच्याच सर्व्हरला मेल दिल्याची वेळ. वरच्या ओळीत, आमच्या सर्व्हरने तो मेल हातात घेतला ती वेळ १७:३१:४०. मधली चाळीस मिनिटं मेल त्यांच्याच सर्व्हरच्या रांगेत पडून होता. विक्रेत्याने खोटं सांगितलं नव्हतं, आणि आमचा सर्व्हरही झोपला नव्हता.

इथे एक सावधगिरी. 'डेट' नावाचं हेडर पाठवणाऱ्याच्या संगणकाचं घड्याळ बघून लिहिलं जातं. ते घड्याळ चुकीचं असलं, किंवा मुद्दाम मागे केलं, तर तारीखही तशीच. खालच्या 'रिसीव्हड' ओळीसुद्धा बनवून लिहिता येतात. ज्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी ओळ एकच, आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेली.

ही हेडरची पद्धत फार जुनी. नेटवर्कचे नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांक दिलेल्या टिपणांतून मांडले जातात; सप्टेंबर १९७३ मध्ये त्यांतलं आरएफसी ५६१ हे छोटंसं टिपण निघालं. त्यावर चौघांची नावं आहेत: अभय भूषण, केन पोग्रॅन, रे टॉमलिन्सन आणि जिम व्हाइट. टॉमलिन्सन म्हणजे पत्त्यात ॲट चिन्ह आणणारे. भूषण हे कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे एमआयटीत गेले आणि फाइल इकडून तिकडे पाठवायचा एफटीपी हा नियमसंच त्यांनीच १९७१ मध्ये पहिल्यांदा लिहून काढला. आपल्या मेलच्या कपाळावर 'फ्रॉम', 'डेट' आणि 'सब्जेक्ट' या ओळी ठरावीक पद्धतीने लिहाव्यात असं ज्यांनी सुचवलं त्यांत एक भारतीय नाव आहे, हे आमच्या धंद्यातल्याही फार थोड्यांना माहीत असतं.

१९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी आरएफसी ८२२ लिहिला आणि त्यात एक मोकळीक ठेवली. तुम्हाला स्वतःचं हेडर घालायचंय? खुशाल घाला, फक्त नावाच्या सुरुवातीला 'एक्स' आणि आडवी रेघ द्या. त्या अक्षराने सुरू होणारं नाव अधिकृत नियमांत कधीही वापरणार नाही, हा शब्द त्यांनी दिला होता. मग काय, लोकांना रान मोकळं मिळालं. मेल कोणत्या सॉफ्टवेअरने लिहिला ते सांगणारं एक्स-मेलर आलं. तातडीचा मेल दाखवणारं एक्स-प्रायॉरिटी आलं. युनिक्सवाल्यांनी एक्स-फेस काढलं: अठ्ठेचाळीस बाय अठ्ठेचाळीस ठिपक्यांचं स्वतःचं काळंपांढरं तोंड, अक्षरांत कोंबून प्रत्येक मेलसोबत.

सगळ्यात गमतीचा प्रकार २००२ चा. हेबियस नावाच्या अमेरिकन कंपनीने हेडरमध्ये चक्क एक हायकू घातला. त्या कवितेचा कॉपीराइट कंपनीकडे. सज्जन मेलवाल्यांनी परवानगी घेऊन ती हेडरमध्ये घालायची, स्पॅम फिल्टरने ती पाहून मेल सोडायचा, आणि एखाद्या स्पॅमवाल्याने ती चोरली तर त्याच्यावर कॉपीराइटचा दावा ठोकायचा, अशी योजना. काही फिल्टर खरोखरच त्या कवितेला मान देऊ लागले. मग व्हायचं तेच झालं, स्पॅमवाल्यांनाही कवितेची गोडी लागली. कोर्टकचेरीच्या वेगाने स्पॅम थांबत नसतो.

२०१२ मध्ये आरएफसी ६६४८ ने ही 'एक्स'ची प्रथा बंद करावी असं सांगितलं. कारण साधं होतं. प्रयोग म्हणून सुरू झालेली नावं लोकप्रिय व्हायची, आणि मग तो 'एक्स' गळ्यातून काढताच यायचा नाही. हे सांगणाऱ्या तिघांत स्वतः क्रॉकरही होते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. तरी घरगुती वापराला 'एक्स' लावलेलं नाव आजही चालतं आणि मी ते लावते. पाहणाऱ्याला लगेच कळतं की हे यांचं आपलं काहीतरी आहे.

आमच्या खरेदी विभागातून विक्रेत्यांना चौकशीपत्रं जातात. एका चौकशीचे पंधरा-वीस मेल, विषय थोड्याफार फरकाने तेच. कुठला मेल कुठल्या चौकशीचा हे शोधण्यात वेळ जायचा. म्हणून आम्ही एक हेडर घालतो: नाव 'एक्स-एन्क्वायरी', आणि पुढे साल व क्रमांक. विक्रेत्याला ते दिसत नाही, विषयाची ओळ लांबत नाही, आणि आमच्या फिल्टरला मात्र नेमकं सापडतं.

हे घालायला फार शिकावं लागत नाही. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी कॉन्फिग एडिटर आहे. तिथे 'मेल डॉट कंपोज डॉट अदर डॉट हेडर' शोधायचं आणि त्यापुढे आपल्या हेडरचं नाव टाकायचं, की मेल लिहिताना सीसी-बीसीसीच्या रांगेत तेही हजर होतं. मट नावाचं मेल-सॉफ्टवेअर वापरणाऱ्या टर्मिनलभक्तांना सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ पुरते. आउटलुकच्या नेहमीच्या खिडकीत ही सोय नाही, पण एक्स्चेंज सर्व्हर सांभाळणाऱ्याला विनंती केली तर तो नियम लावून देतो: अमुक पत्त्यावरून निघणाऱ्या मेलला अमुक हेडर लाव. जीमेलच्या वेबपानावर ते घालताही येत नाही आणि शोधताही येत नाही. तिथे क्रमांक विषयातच लिहावा, उगाच झटू नये.

हेडरचं नाव रोमन अक्षरांतच लागतं, मध्ये मोकळी जागा चालत नाही. माहिती मराठीत लिहिता येते, पण तिचं जे होतं ते पाहण्यासारखं आहे. जुन्या नियमात हेडरला फक्त इंग्रजी टाइपरायटरची अक्षरं ठाऊक. म्हणून देवनागरी मजकूर सांकेतिक अक्षरांत गुंडाळून पाठवतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, हे प्रत्येक वेगळं आणि प्रत्येकी तीन बाइटचं. त्या तीन बाइटची होतात चार रोमन अक्षरं. एका गुंडाळीची कमाल लांबी पंचाहत्तर अक्षरं, त्यातली बारा वेष्टणातच जातात. हिशेब केला तर एका गुंडाळीत देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हं मावतात. 'दिवाळीनिमित्त' या एका शब्दातच तेरा गेली. म्हणजे 'दिवाळीनिमित्त कारखाना बंद राहण्याबाबत' हा विषय पाठवताना त्याचे तीन-चार तुकडे होतात आणि समोर पुन्हा जोडले जातात. एखादं आळशी सॉफ्टवेअर तीन बाइटच्या मधोमध कात्री चालवतं, आणि मग मराठी विषयात काळे चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्हं दिसतात. लोक म्हणतात फॉन्ट बिघडला. फॉन्ट बिचारा निर्दोष असतो.

आता खरी मेख. तुम्ही घातलेलं हेडर समोरच्याच्या उत्तरात परत येत नाही. त्याने 'रिप्लाय' दाबलं की तुमचा 'एक्स-एन्क्वायरी' तिथेच राहतो. उत्तरात परत येतो तो तुमच्या मेलचा मेसेज-आयडी. प्रत्येक मेलला जन्मतः मिळालेला हा एकमेव क्रमांक उत्तराच्या 'इन-रिप्लाय-टू' या हेडरमध्ये जाऊन बसतो. मेलच्या साखळ्या जुळतात त्या बहुतांशी यावरच. तक्रार निवारणाची कित्येक सॉफ्टवेअरं म्हणूनच आपला तक्रार क्रमांक मेसेज-आयडीतच गुंफतात.

मग 'एक्स'वाल्या हेडरचा उपयोग काय? आपल्याकडच्या शोधाला आहेच. शिवाय ते एका ठिकाणी हमखास परत येतं, आणि ते ठिकाण म्हणजे पोचपावती.

पोचपावतीचा पहिला प्रयत्न म्हणजे 'रिटर्न-रिसीट-टू' नावाचं हेडर. सेंडमेल नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरने ते पाळलं, पण ते कधीच अधिकृत नियम नव्हतं. कोणी पाळायचं, कोणी नाही. पावती नेमकी कशाची, पोचल्याची की वाचल्याची, यावरही एकमत नाही. १९९६ च्या जानेवारीत या गोंधळावर रीतसर नियम आला, त्याचं नाव डीएसएन, म्हणजे पोच-स्थितीची सूचना. २००३ मध्ये तो सुधारून पुन्हा लिहिला.

यातली हुशारी अशी की पावतीची मागणी पत्रात लिहायचीच नाही, पाकिटावर लिहायची. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा मेलचा मजकूर देण्याआधी 'कोणाकडून, कोणाला' एवढंच तोंडी सांगतात, ते पाकीट. त्याच वेळी पाठवणारा सांगतो की यश आलं तर कळव, अपयश आलं तर कळव, उशीर झाला तर कळव, किंवा काहीच कळवू नको. परत येताना आख्खं पत्र जोडायचं की नुसती हेडर, तेही सांगतो. आणि हवं तर पाकिटावर स्वतःचा एक संदर्भ क्रमांकही टाकतो, तो पावतीवर जसाच्या तसा उमटतो.

पावती तीन भागांत येते. पहिला भाग माणसासाठी, सभ्य इंग्रजीत. दुसरा भाग यंत्रासाठी, आणि मला त्यातच रस असतो. त्यात 'फायनल-रेसिपियंट' म्हणजे ज्याला मेल गेला तो पत्ता, 'ॲक्शन' म्हणजे काय झालं ते, 'स्टेटस' म्हणजे टिंबांनी जोडलेले तीन आकडे, आणि 'डायग्नॉस्टिक-कोड' म्हणजे समोरचा सर्व्हर नेमकं काय बोलला ते. तिसऱ्या भागात तुमच्याच मेलची हेडर परत आलेली असतात. तिथे आमचा 'एक्स-एन्क्वायरी' तसाच्या तसा सापडतो. वीस विक्रेत्यांपैकी कोणाचा मेल परत आला आणि तो कोणत्या चौकशीचा, हे मेल न उघडता माझी स्क्रिप्ट नोंदवून ठेवते.

स्टेटसचा पहिला आकडा पाहिला तरी काम भागतं. दोन म्हणजे पोचला. चार म्हणजे आत्ता नाही, पुन्हा बघू. पाच म्हणजे नाद सोडा. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. बहुतेक वेळा माणसाने नोकरी सोडलेली असते, किंवा आपण नावात एक अक्षर जास्तीचं टाकलेलं असतं. ५.२.२ म्हणजे पेटी भरली.

चारच्या आकड्याने मात्र आमच्याकडे फार घोळ घातला. चार-पाच तास मेल पुढे सरकला नाही की बरेच सर्व्हर 'डिलेड' अशी सूचना पाठवतात. तीत स्पष्ट लिहिलेलं असतं की पुन्हा पाठवायची गरज नाही, आम्ही प्रयत्न करतो आहोत. सर्व्हरने चार-पाच दिवस तरी चिकाटी धरावी असं नियमच सांगतात. पण सूचनेत लाल अक्षरं दिसली की वाचतो कोण? आमच्या खरेदीतल्या एका काकांनी अशा सूचनेला उत्तर म्हणून तीच ऑर्डर पुन्हा पाठवली, संध्याकाळी पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी समोरचा सर्व्हर जागा झाला आणि तिन्ही पोचल्या. विक्रेत्याचा फोन आला, एवढा माल एकदम कशाला हवाय? काकांनी मला विचारलं, "ताई, हे मशीन आधी नाही म्हणालं, मग हो कसं म्हणालं?" ते 'नाही' म्हणालंच नव्हतं. 'थांबा' म्हणालं होतं.

यशाची पावती मिळायची तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला डीएसएन समजायला हवं. सर्व्हर नमस्कार-चमत्कार करतानाच आपल्याला काय काय येतं ते सांगतात. जीमेलचा सर्व्हर त्या यादीत डीएसएन सांगत नाही. म्हणून आमच्याकडून जीमेलला गेलेल्या मेलची पावती 'डिलिव्हर्ड' अशी न येता 'रिलेड' अशी येते: आम्ही पुढच्याच्या हातात दिला, त्याने घेतला, पुढचं आम्हाला विचारू नका. ही पावती आमचाच सर्व्हर देतो. व्यवहारात एवढंही बरंच असतं, पण 'डिलिव्हर्ड' म्हणून ती फायलीला लावणं बरोबर नाही.

आणि 'डिलिव्हर्ड' आली तरी काय? रजिस्टर एडीच्या कार्डावर सही बहुतेकदा वॉचमनचीच असायची, तसंच हे. सर्व्हरने मेल पेटीत टाकला. पेटीतल्या स्पॅमच्या कप्प्यात टाकला असला तरी पावतीवर 'डिलिव्हर्ड'च येतं. 

राहिला तिसरा प्रश्न, वाचला का? त्याचा नियम मार्च १९९८ चा, एमडीएन नावाचा. आताची आवृत्ती २०१७ ची. याची मागणी मात्र पत्रातच असते, 'डिस्पोझिशन-नोटिफिकेशन-टू' या हेडरमध्ये. म्हणजे हेही हेडर घालण्याचंच एक प्रकरण. आउटलुकमध्ये 'रिक्वेस्ट अ रीड रिसीट' या चौकोनात खूण केली की हेच हेडर चिकटतं. शेजारीच 'डिलिव्हरी रिसीट'चा चौकोन असतो, तो डीएसएनचा. लोक दोन्हीवर खूण करतात आणि मग आलेल्या दोन पावत्या एकच समजतात.

वाचल्याची पावती देणं न देणं वाचणाऱ्याच्या मर्जीवर. नियमाने ते हेतुपुरस्सर तसं ठेवलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. माझ्या पेटीत मी काय कधी उघडलं हे माझ्या परवानगीविना दुसऱ्याला का कळावं? थंडरबर्ड विचारतो, पाठवू का? बरेच लोक 'कधीच नको' असं कायमचं ठरवून मोकळे होतात. वैयक्तिक जीमेलमध्ये ही सोय मुळात नाही. ती कंपन्या आणि शाळा-कॉलेजांच्या खात्यांना मिळते, तीही तिथल्या व्यवस्थापकाने सुरू केली तर. तेव्हा पावती आली नाही याचा अर्थ वाचलं नाही असा काढणाऱ्याने आपला रक्तदाब उगाच वाढवलेला असतो. आली तर? नियमातच लिहून ठेवलंय की 'डिस्प्लेड' म्हणजे पडद्यावर दाखवलं, एवढंच. माणसाने वाचलं किंवा त्याला कळलं याची हमी नाही.

पावतीची आणखी एक तऱ्हा आहे, न वाचता डिलीट केल्याची. आमच्याकडे एक अधिकारी निवृत्त झाले. जायच्या आधी सज्जनपणे पेटी साफ केली, न उघडलेले जुने मेल एका झटक्यात उडवले. त्या मेलांवर कोणी कोणी वर्षांपूर्वी पावती मागून ठेवली होती. चहाच्या वेळेपर्यंत अर्ध्या इमारतीला 'तुमचा मेल न वाचता डिलीट केला' अशा सूचना पोचल्या. त्यात एक त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या शुभेच्छांचीही होती. निरोप समारंभ त्याच संध्याकाळी होता, आणि भाषणं जरा आखडतीच झाली.

परवानगी न मागता वाचल्याची बातमी काढायचा चोरमार्गही आहे: मेलमध्ये एक ठिपक्याएवढं अदृश्य चित्र ठेवायचं आणि ते कोणी कधी मागवलं हे मोजायचं. जाहिरातवाल्यांचं सगळं गणित त्यावर चालायचं. २०१३ च्या डिसेंबरात जीमेलने चित्रं स्वतःच्या सर्व्हरमधून दाखवायला सुरुवात केली, आणि २०२१ मध्ये ॲपलने मेल उघडला नसला तरी चित्र आधीच मागवून ठेवायची सोय दिली. त्यामुळे आता 'उघडलेल्या' मेलांत न उघडलेलेही मोजले जातात. मला याचं दुःख नाही.

खरेदीतले साहेब शेवटी नेहमी कायद्यावर येतात: "मॅडम, कोर्टात काय टिकेल ते सांगा." मी वकील नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं १२ आणि १३ मी एकदा नीट वाचून काढली, आणि मेल वापरणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीत असं माझं मत आहे. ती सोपी आहेत. कलम १३ म्हणतं, तुमच्या ताब्याबाहेरच्या संगणकात मेल शिरला की तो पाठवला गेला. आणि ज्याला पाठवला त्याने स्वतः एखादा संगणक किंवा पत्ता नेमून दिला असेल, तर त्यात मेल शिरला की तो मिळाला. दोघांत वेगळं काही ठरलं नसेल तर हे लागू. यात 'वाचला' हा शब्दच नाही. दरपत्रकांसाठी आम्ही एक पत्ता नेमून दिला होता, त्यामुळे चार एक्कावन्नची वेळ विक्रेत्याच्या घरातली आणि पाच एकतीसची मिळाल्याची, असं माझं वाचन. साहेबांनी दरपत्रक बाजूला ठेवलं. खरेदीवाले मनाने तसे मऊ नसतात.

कलम १२ पोचपावतीचं. पाठवणाऱ्याने पोच कोणत्या स्वरूपात हवी हे सांगितलं नसेल, तर समोरच्याचं कोणतंही उत्तर, यंत्राने आपोआप दिलेलंसुद्धा, पोच म्हणून चालतं. किंवा त्याच्या वागण्यावरून मेल मिळाल्याचं दिसलं तरी चालतं. ऑर्डरचा मेल गेला आणि त्याने माल ट्रकमध्ये भरला, तर आणखी पोच कशाला हवी? पण पाठवणाऱ्यानेच 'पोच आल्याशिवाय हा मेल बंधनकारक नाही' असं म्हटलं असेल, तर पोच येईपर्यंत तो मेल पाठवलाच नाही असं समजलं जातं. ही अट घालताना माणसाने दोनदा विचार करावा.

पुराव्याचं काम पडलं तर मेलची छापील प्रत काढून समाधान मानू नये. छपाईत हेडर उतरत नाहीत, नेहमीच्या फॉरवर्डमध्येही मूळची हेडर गळतात. मूळ मेल फाइल म्हणून जतन करावा, किंवा पाठवताना जोडपत्र म्हणून पाठवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते कलम ६३ मध्ये आहे. पुढचं आपल्या वकिलाला विचारावं.

हेडर घालायची चटक लागलेल्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. झाकलेलं म्हणजे गुप्त नव्हे. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून आलेल्या मेलच्या हेडरमध्ये त्यांच्या सॉफ्टवेअरने विक्रेत्याचा दर्जा लिहून ठेवला होता, आणि आमच्यापुढे 'सी' होतं. आमच्या विक्रीच्या साहेबांना मी ते दाखवलं. पुढच्या बैठकीला ते फार तयारीने गेले. दुसरी गोष्ट वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. 'आमच्याशी संपर्क साधा' या फॉर्ममध्ये लोक जे भरतात ते थेट हेडरमध्ये ओतू नका. प्रत्येक हेडर नव्या ओळीवर सुरू होतं, एवढंच चोराला पुरतं. तो आपल्या ईमेलच्या रकान्यात पत्ता लिहितो, त्यापुढे नव्या ओळीची खूण घालतो आणि 'बीसीसी' लिहून शेकडो पत्ते देतो. तुमचा फॉर्म इमानेइतबारे त्या सगळ्यांना स्पॅम पाठवतो, तुमच्या नावाने. रकान्यातून नव्या ओळीची खूण गाळली की हा प्रकार बंद.

पावत्यांची पाकिटं नेहमी प्रेषकाविना निघतात, हेही सांगून टाकते, कारण नवी मुलं मला हे विचारतात. पाकिटावर 'कोणाकडून' ही जागा रिकामी. कारण पावती परत आली तर तिची पावती, मग तिचीही पावती, असं दोन सर्व्हर रात्रभर एकमेकांना कळवत बसले असते. आमच्या एका हौशी कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेल्या 'मी सुट्टीवर आहे' या आपोआप उत्तराने नेमकं हेच दुसऱ्या कंपनीच्या सुट्टीवरल्या माणसाशी केलं होतं, शनिवार-रविवार.

सध्या आमच्याकडे व्यवस्था अशी आहे. साध्या मेलांना पावती मागायची नाही. अपयश आणि उशीर सर्व्हर आपण होऊन कळवतोच. दरपत्रकं, ऑर्डर आणि नामंजूर मालाची पत्रं यांना यशाचीही पावती मागतो आणि क्रमांकाचं हेडर घालतो. वाचल्याची पावती आम्ही बंद केली. त्याऐवजी चौकशीपत्राच्या शेवटी एक ओळ असते: मिळाल्याची पोच दोन कामाच्या दिवसांत याच मेलला उत्तर देऊन कळवावी. विक्रेते 'रिसीव्हड' एवढा एक शब्द लिहून पाठवतात, काही जण अंगठ्याचं चित्र. त्या उत्तरातला 'इन-रिप्लाय-टू' वाचून स्क्रिप्ट आपल्या यादीत खूण करते. ज्यांच्यापुढे खूण नाही त्यांची नावं तिसऱ्या दिवशी सकाळी खरेदीच्या काकांच्या टेबलावर जातात, आणि ते चष्मा वर सरकवून एकेकाला फोन लावत बसतात.